मोसंब्याएवढी गाठ, बोटाएवढे छिद्र

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'शस्त्रक्रियागृहातील अविस्मरणीय क्षण' असा विषय कळवला. मी उलट टपाली विचारले, की अविस्मरणीय कोणाच्या दृष्टीने? रुग्णाला भूल दिलेली असते, त्याला एकही क्षण स्मरत नाही. ज्याला स्मरतात त्या सर्जनला ते रुग्णाच्या संमतीवाचून जाहीर करण्याचा अधिकार नाही. यावर संपादकांचा फोन आला. "डॉक्टर, तुम्ही लिहा हो, बाकीचं आम्ही बघतो." हे 'बाकीचं आम्ही बघतो' मी उभ्या हयातीत अनेकांकडून ऐकले आहे, आणि बाकीचे कोणीही कधीही बघितलेले नाही. सबब, पुढे जिची हकीगत येते तिला मी स्वतः विचारले. तिने होकार दिला आणि नाव बदलण्याची अट घातली. ती अट मी पाळली आहे.

मी पोटाचा सर्जन. सगळा व्यवसाय नाशकात झाला आणि त्यातला मोठा भाग यकृतावर खर्ची पडला. वडील इथल्या न्यायालयात वकिली करत. मी काळा कोट घालावा अशी त्यांची इच्छा होती, मी हिरवा झगा घातला, पण घरातली भाषा अंगातून गेली नाही. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर म्हणत, "सर चिडले की कलमं सांगतात." निवृत्तीनंतर मी सुरी धरलेली नाही. लेखणी मात्र धरतो, आणि ती अनेकांना सुरीपेक्षा अधिक झोंबते असे ऐकिवात आहे.

अलीकडे मुंबई नाक्याजवळ एका रुग्णालयाचा भला मोठा फलक लागला होता. 'यकृताची गाठ आता दुर्बिणीतून! ना चिरा, ना टाका, ना वेदना.' मी त्या रुग्णालयाला पत्र लिहून एकच प्रश्न विचारला. गाठ मोसंब्याएवढी आणि छिद्र बोटाएवढे, तर गाठ बाहेर कशी आली? उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले. मग संबंधित खात्याला लिहिले, खात्याच्या वरच्या खात्याला लिहिले. कालांतराने फलक उतरला आणि त्या जागी एका मिसळीच्या हॉटेलचा लागला. त्यावरील कोणताही दावा खोटा असल्याचे अद्याप माझ्या निदर्शनास आलेले नाही.

उत्तर त्यांनी दिले नाही, म्हणून मी देतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर चार-पाच छिद्रे पाडतात. एकातून गॅस भरून पोट तंबूसारखे फुगवतात, दुसऱ्यातून कॅमेरा जातो, उरलेल्यांतून लांब दांड्यांची हत्यारे. सर्जन पोटाकडे पाहत नाही, पडद्याकडे पाहतो. गाठ सुटी झाली की ती आतच एका पिशवीत घालतात आणि ओटीपोटावर, साडीची गाठ जिथे येते तिथे, आडवा छेद घेऊन बाहेर काढतात. म्हणजे चिरा असतो, टाके असतात आणि दुखतेही. सगळे कमी असते, हे मान्य. परंतु कमी असणे आणि नसणे यांत जो फरक आहे, त्याच फरकावर न्यायालये चालतात.

माझी पद्धत उघडी. उजव्या बरगड्यांच्या खालून वाकडा, लांब छेद. मग हात आत जातो. ज्यांनी हे केलेले नाही त्यांना कसे सांगावे? यकृत जड असते, ओले असते आणि उबदार असते. ते श्वासाबरोबर हलते, जणू झोपेत कूस बदलते आहे. तळहात त्याच्यावरून हळू सरकवत न्यावा. एके जागी हाताला वेगळे लागते. तपासण्यांनी जे आधीच सांगितलेले असते तेच हात पुन्हा सांगतो, पण हाताने सांगितले की खात्री पटते. रक्त येऊ लागले तर त्याच हाताने दाबून धरायचे आणि थांबायचे. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. आजही सकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून मी खिडकीशी उभा राहतो, तेव्हा चहा निवतो आणि सौभाग्यवती विचारते, "प्यायचाय का नुसता शेकायचाय?"

बाहेरच्यांचा एक गैरसमज इथेच दूर करतो. यकृतातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, आणि साध्या गाठींपैकी बहुतेकींना हात लावायचा नसतो. विंचूरचे एक कांदा व्यापारी आले होते. सोनोग्राफीत त्यांच्या यकृतात रक्तवाहिन्यांचा एक निरुपद्रवी गुंता दिसला होता. दुखत नव्हते, खुपत नव्हते.

"काढून टाका साहेब. इमा हाय."

"काही करायची गरज नाही. राहू द्या."

"राहू कशी द्यायची? भाडं देती का काय ती?"

"जुनं कूळ आहे ते. जमिनीची खराबी करत नाही. हलवायला गेलात तर तुम्हालाच खर्च."

कूळकायदा त्यांना माझ्याहून चांगला ठाऊक होता. ते मान हलवत उठले आणि दारात थांबून म्हणाले, "डागदर, तुमी लय वंगाळ धंदा करता राव. गिऱ्हाईक चालून आलं तर नाय म्हणता." या प्रशस्तिपत्राचा मला आजही अभिमान आहे.

परंतु एका जातीच्या गाठीला असे कूळ म्हणून राहू देता येत नाही. अॅडिनोमा तिचे नाव. तीही साधीच, पण मोठी झाली तर आतून फुटून रक्तस्राव होऊ शकतो, आणि गरोदरपणात हा धोका वाढतो. तशी गाठ घेऊन मृण्मयी आली.

ती पंचवटीतल्या एका उपाध्यायांच्या घरची सून. यात्रेकरू यजमान त्यांच्याच घरी उतरतात, विधी करतात, जेवतात. मृण्मयीच्या पोटात उजवीकडे कळ आली, तपासण्या झाल्या आणि गाठ दिसली. माझ्या खोलीत ती, तिचा नवरा, सासरे गुरुजी आणि सासूबाई असे चौघे बसले. शेजारी माझी सहकारी डॉ. केतकी होती. उघडी शस्त्रक्रिया ती माझ्याकडे शिकली आणि दुर्बिणीची बाहेर जाऊन शिकून आली. मी प्रश्न विचारत होतो मृण्मयीला आणि उत्तरे येत होती इतर तिघांकडून.

"काही औषधं चालू आहेत?"

"छे," सासूबाई म्हणाल्या, "डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही आमच्याकडे कुणी."

मी सर्वांना बाहेर बसण्याची विनंती केली. गुरुजींना ते रुचले नाही. "आमच्यासमोरच विचारा ना. घरात लपवण्यासारखं काही नाही."

"घरात नसेल, गुरुजी. पण यकृत तिच्या एकटीचं आहे."

हे ऐकून मृण्मयी पहिल्यांदा हसली. ते तिघे बाहेर गेले. मी गर्भनिरोधक गोळ्यांविषयी विचारले. ती म्हणाली, "नाही सर, उलट आम्हाला मूल हवंय. तेवढ्यासाठी तर धडपड चाललीय." मी इतर संप्रेरकांची नावे घेतली. तिने मान हलवली. मग केतकीने खुर्ची पुढे ओढली.

"पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या?"

"त्या होय! त्या घेते. पण ते औषध थोडंच आहे?"

"कधी घेतेस?"

"घरात काही असलं की. आणि आमच्याकडे सारखंच काहीतरी असतं हो. यजमान उतरलेले, सोवळ्यातला स्वयंपाक, सासूबाईंचे गुडघे गेलेले. मी बाजूला बसले तर करणार कोण? एकाच्या गोळ्या संपतात तोवर दुसरं काही निघतं."

"आणि देतं कोण?"

"कोपऱ्यावरचे मेडिकलवाले. मला लांबून बघितलं की पुडी काढून ठेवतात. म्हणतात, वहिनी, यंदा नवरात्र लवकर आलं!"

मी त्या वेळी काय बोललो ते छापण्याजोगे नाही. या गोळ्यांमुळेच गाठ झाली असे मी शपथेवर सांगणार नाही. या जातीच्या गाठीचा संप्रेरकांशी संबंध असतो आणि अशा रुग्णाने ती वर्षानुवर्षे घेऊ नयेत, एवढेच सांगेन. पण चिठ्ठीवाचून विकू नये अशी वस्तू चणेफुटाण्यासारखी विकली जाते, आणि जिच्या पोटात ती जाते ती तिला औषधच मानत नाही, याची चीड मला आजही येते. त्या विषयावर मी लिहिलेल्या पत्रांना 'आपले पत्र पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आले आहे' एवढे एकच उत्तर येत राहिले. ती पत्रे अद्याप वर्ग होतच असावीत.

गोळ्या बंद केल्या आणि काही महिने वाट पाहिली. कधीकधी तेवढ्याने गाठ आक्रसते. हिची जेमतेम आक्रसली. मोसंबीची मोसंबीच राहिली. आता मार्ग एकच होता. आधी गाठ जाणार, मगच मुलाचा विचार.

आमच्या विभागात माझा एक नियम होता. उघडी की दुर्बिणीची हा प्रश्न जिथे खुला असेल तिथे दोन्ही बाजू एकाच टेबलाशी बसून रुग्णासमोर मांडायच्या. जो जी पद्धत करतो त्याने ती सांगायची, आणि निकाल रुग्णाने द्यायचा. सिस्टर याला 'सुनावणी' म्हणत. मृण्मयीची सुनावणी लागली तेव्हा माझी निवृत्ती उंबरठ्यावर होती. यकृताची दुसरी गाठ माझ्या हाताखाली येण्याची शक्यता उरली नव्हती. हे मला ठाऊक होते, केतकीलाही ठाऊक होते. तिने ते बोलून दाखवले नाही.

केतकीने तिची बाजू मांडली. दुखणे कमी, घरी लवकर, पोटाची भिंत शाबूत, पुढे गरोदरपणात त्याचा फायदा. पोटात गॅसचा दाब असल्याने बारीक शिरांमधून रक्त कमी जाते. पण मोठी शीर उघडी पडली तर तोच गॅस तिच्यात शिरण्याची भीती असते. आणि अडचण आली तर तिथल्या तिथे पोट उघडावे लागेल, त्याला अपयश म्हणायचे नाही. मी माझी बाजू मांडली. हात आत असतो, रक्त आले तर पहिल्या क्षणी दाबता येते, आणि खोलवरच्या, अडचणीच्या जागी अजूनही हाच राजमार्ग.

मृण्मयीने दोघांचे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग मला मोठा चिराच द्या."

मी हरखलो, हे नाकारत नाही. केतकीने विचारले, "का गं?"

"दुर्बिणीचं केलं तर घरी म्हणतील, काय, चार भोकं तर पाडली! आठवड्यात पोळ्यांना उभी करतील. चिरा मोठा दिसला की जपतील तरी. आमच्याकडे भोकांना कोण मान देतंय?"

इतक्या वर्षांत मला कोणी इतके चोख कारण दिले नव्हते. 'ठीक आहे' एवढेच म्हणायचे होते, म्हणजे ती गाठ माझी होती. परंतु ती यकृताच्या उजव्या खंडाच्या खालच्या, पुढच्या कडेला होती. दुर्बिणीला सोयीची अशीच जागा. चिरलेल्या पोटावर पुढे नऊ महिन्यांचा भार पडणार होता. मी माझ्याच पक्षाविरुद्ध साक्ष दिली. "तुझ्या गाठीला दुर्बीणच योग्य आहे. आणि जपण्याचं म्हणशील, तर यकृताला आतली जखम तेवढीच होते. ते सासरी मी सांगतो. ते माझं काम."

"नक्की सांगाल?"

"लेखी देऊ?"

"नको, तोंडीच सांगा. तुम्ही ओरडलात की जास्त कळतं."

मी ओरडलो. गुरुजींना विश्रांतीचा अर्थ समजावला. सासूबाईंना बजावले, की त्या गोळ्या पुन्हा घरात दिसता कामा नयेत. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि मग चार दिवस कोण करणार, डॉक्टर? तुम्ही येणार आहात का पुरण घाटायला?"

"बोलावलंत तर येईन."

"सोवळं नेसावं लागेल."

"रोज नेसतो. फक्त हिरव्या रंगाचं."

गुरुजी हसले. त्या हसल्या नाहीत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी हात धुऊन, झगा-मोजे चढवून उभा राहिलो. पोट उघडण्याची हत्यारे शेजारच्या ट्रॉलीवर मांडून तयार ठेवली होती. ती आमची शिस्तच होती. केतकी पडद्याकडे पाहत होती. पडद्यावर यकृत इतके मोठे आणि इतके लख्ख दिसत होते की मी जन्मभर जे हाताने वाचले त्याची जणू ही छापील प्रत. सुंदर होते ते. फक्त त्याला ऊब नव्हती.

निम्मी वाट झाली आणि पडदा एकाएकी लाल झाला. एक शीर तुटली होती. खोलीतले सगळे डोळे माझ्याकडे वळले. ट्रॉलीजवळच्या सिस्टरने हात पुढे केला. मी उघडायला सांगितले असते तर कोणी प्रश्न केला नसता. पण ज्याच्या हातात हत्यार त्याचाच निर्णय, हा नियम मीच घालून दिला होता, आणि त्याला अपवाद म्हणून मला स्वतःला वगळलेले नव्हते. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे मला जितके जड गेले तितके कुठलेही ऑपरेशन गेले नाही.

"गॉज," केतकी म्हणाली. छिद्रातून आत गेलेली कापडाची घडी तिने लांब दांडीने त्या जागी दाबली आणि ती थांबली. भूलतज्ज्ञांना शिरांमधला दाब उतरवायला सांगितले. पुन्हा थांबली. तिचा खांदाही हलत नव्हता. मी नकळत माझ्या उजव्या हाताची बोटे मिटून धरली होती, हवेत, काहीही नसलेल्या जागी. मग तिने घडी अलगद उचलली, टाका घातला, आणि पडदा हळूहळू स्वच्छ झाला.

"चालू ठेवू, सर?"

"मला काय विचारतेस? मी इथे प्रेक्षक आहे."

"प्रेक्षकांनी मोजे कशाला घातलेत मग?"

गाठ पिशवीत गेली आणि खालच्या छेदातून बाहेर आली. केतकीने पिशवी माझ्या हातावर ठेवली, त्यात तिची माया होती हे मला कळले. मी बघितले. मोसंबीच होती. ती तपासणीला पाठवली. अहवाल साधी गाठ असाच आला. मी मोजे काढले तेव्हा त्यांना रक्ताचा एक ठिपकाही लागलेला नव्हता. माझ्या शेवटच्या यकृताला मी स्पर्श केला नाही.

दोन पद्धतींत सरस कोणती, असे मला आता व्याख्यानांत विचारतात. मी सांगतो, ज्या गाठीला हातच लावायचा नाही तिला दोन्ही पद्धती सारख्याच वाईट. जिला लावायचा आहे तिची जागा बघा, आकार बघा, आणि करणाऱ्याने ते पूर्वी किती वेळा केले आहे ते त्याला तोंडावर विचारा. कडेच्या, सोयीच्या गाठीला दुर्बीण सरस आहे. मला ते आवडत नाही, पण ते खरे आहे. जी गोष्ट रुग्णाच्या हिताची ती सर्जनच्या आवडीवर अवलंबून नसते. हे वाक्य मी बेधडक लिहिले. ते लिहिताना मला काय वाटते, हा अंकाचा विषय नाही.

निवृत्तीनंतर केतकीने मला आठवड्यातून एकदा बाह्यरुग्ण विभागात बसण्याची मुभा ठेवली आहे. तिथेच काही महिन्यांनी मृण्मयी फेरतपासणीला आली. सोबत सासूबाई. सोनोग्राफी स्वच्छ होती. केतकीने सांगितले, "आता मुलाचा विचार करायला हरकत नाही." ती आणि मृण्मयी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी घेऊन गेल्या, आणि सासूबाई माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून राहिल्या.

मी विचारले, "गोळ्या?"

"बंद. ती बसते बाजूला. पुस्तक वाचते. मी करते सगळं."

"गुडघे?"

"दुखतात. दुखू देत." त्यांनी पदर सारखा केला. "डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडलात. बरोबर ओरडलात. पण तुम्ही मला एक विचारलं नाहीत."

"काय?"

"मीही घेतल्यात त्या. लग्न होऊन आले त्याच्या पुढच्याच गौरींपासून, पाळी जाईपर्यंत. माझ्या सासूबाईंनीच आणून दिल्या. मायेनं हो. पोरीला सणाचं कोपऱ्यात बसायला नको म्हणून. हिलाही पहिली पुडी मीच आणून दिली, मायेनंच." त्यांनी मान वर केली. "माझं कोणी बघितलंच नाही."

मी सिस्टरना आत बोलावले, कारण स्त्री रुग्णाला तपासताना दुसरी स्त्री हजर असावी हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही. "सोनोग्राफी करून घेऊच," मी म्हणालो, "त्याआधी मी बघतो. झोपा."

त्या झोपल्या. मी हात चोळून गरम केले आणि उजवा तळहात त्यांच्या बरगड्यांखाली ठेवला. "दीर्घ श्वास घ्या." त्यांनी घेतला, आणि आतून यकृताची कड खाली सरकून माझ्या बोटांना येऊन भिडली. मऊ, गुळगुळीत, एकसंध. श्वास सुटला तशी परत गेली.

"आहे का काही?" त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"हाताला काही लागत नाही. चांगलं आहे."

"मग हात का नाही काढत?"

सिस्टरने खिडकीकडे तोंड फिरवले.

"आणखी एकदा श्वास घ्या," मी म्हणालो.